जुनी डिस्क काढली आणि लॅपटॉप सुरूच होईना

देवगड तालुक्यातील आमच्या बागेचा हिशेब, म्हणजे कोणाला किती पेट्या गेल्या आणि कोणाकडून किती येणे आहे, हे सारे गेली दहा वर्षे मी एकाच लॅपटॉपवर ठेवत आलो आहे. २०२५ च्या हंगामात हे यंत्र इतके मंदावले होते की बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे. विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे जाहीर झाले होते, आणि माझा प्रोसेसर इंटेलच्या पाचव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नव्हता. म्हणून आंबा संपून पाऊस लागल्यावर मी मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही मोफत कार्यप्रणाली घालायचे ठरवले. या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटची जवळजवळ तीन जीबीची फाइल पडवीच्या ज्या एकाच कोपऱ्यात रेंज येते तेथे फोन ठेवून रात्रभरात उतरवली. मध्ये दोनदा संपर्क तुटल्यामुळे तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल धड उतरली का हे कळण्याची खूण, मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहिली आणि मगच रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली.

खरा वेळ स्क्रूंनी खाल्ला. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत मागचे दोन स्क्रू गंजून त्यांच्या खाचा गुळगुळीत झाल्या होत्या. पेचकसाचे टोक आणि स्क्रू यांच्यामध्ये रुंद रबरबँड धरून, वरून चांगला दाब देऊन, ते कसेबसे फिरले. स्क्रूंची लांबी एकसारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो आतल्या बोर्डाला लागू शकतो. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. एसएसडी मूळ जागी गेली, आणि जुने फोटो हाताशी राहावेत म्हणून हार्ड डिस्क मी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, बसवली. कॅडी मागवण्यापूर्वी डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजावी लागते, कारण ती ९.५ मिलिमीटरही असते आणि १२.७ मिलिमीटरही.

येथेच माझी चूक झाली. मिंट घालताना डिस्कचे भाग पाडणे, म्हणजे विभाजन, आपल्या हाताने करण्याच्या हौसेपोटी मी ‘समथिंग एल्स’ हा पर्याय निवडला, एसएसडीवर लिनक्सच्या ईएक्सटी-फोर प्रकारचे एकच मोठे विभाजन केले आणि खाली बूटलोडरसाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना प्रणालीला जागे करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, एसएसडीचेच नाव निवडून निश्चिंत झालो. वीज जाईल या धास्तीने लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेतला होता; ती गेली नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपले. वहीखाते लिब्रेऑफिसमध्ये उघडले, इनस्क्रिप्ट कळफलकही चालू लागला.

दोन आठवड्यांनी जुनी डिस्क टक टक आवाज करू लागली, म्हणून ती काढून ठेवली, तर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच अक्षर उमटले. आमच्याकडे काहीही बिघडले की दोष दमट हवेला देण्याची पद्धत आहे, तिला मीही अपवाद नाही. एसएसडीच्या जोडणीत ओल शिरली असे समजून मी अर्धा दिवस ती काढून, पुसून, पुन्हा बसवण्यात घालवला. लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, मात्र एसएसडीचे नाव व्यवस्थित दिसत होते. शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून एवढेच विचारले, “मामा, मिंट घालताना जुनी डिस्क भायर काढलंस काय?”

मी ती काढलेली नव्हती. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रात सुरुवातीचा बूटलोडर ईएफआय नावाच्या छोट्या, फॅट-३२ प्रकारच्या विभाजनात असतो. तसे विभाजन मी एसएसडीवर केलेच नव्हते. विंडोजचे जुने ईएफआय विभाजन कॅडीतल्या डिस्कवर तयार असल्याने इन्स्टॉलरने हूं की चूं न करता त्यातच बूटलोडर ठेवला. खालची ती बूटलोडरची निवड यूईएफआयमध्ये उपयोगी पडत नाही, हे मला तेव्हा कळले. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून जीपार्टेड या विभाजने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले, तर एसएसडीवर खरोखरच एकुलते एक विभाजन होते.

ही चूक टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून दुरुस्त करता आली असती, पण मिंट नव्याने घालणे पंधरा मिनिटांचेच काम असल्याने मी त्या वाटेला गेलो नाही. दोन आठवड्यांचा हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला आणि कॅडी बाहेरच ठेवून, फक्त एसएसडी जोडलेली असताना, पूर्ण डिस्क पुसून मिंट घालण्याचा पर्याय निवडला. या वेळी सुमारे पाचशे एमबीचे ईएफआय विभाजन आपोआप एसएसडीवर तयार झाले आणि मिंटच्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये ते ‘बूट-ईएफआय’ या जागी जोडलेले दिसले. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप तीनदा बंद-चालू करून पाहिला, मगच स्क्रू आवळले.

जुनी डिस्क आता यूएसबीच्या पेटीत आहे. तिच्यावरचे फोटो थोडे थोडे करून उतरवत आहे, कारण ती तापली की टक टक पुन्हा सुरू होते. २०१९ पर्यंतचे झाले आहेत.