लोणारच्या काठावर: बाटलीपासून नावापर्यंत

संभाजीनगरहून जालना, सिंदखेडराजा करत सुलतानपूरला वळलं की लोणार जवळच. विवर मात्र अगदी कडेवर पोहोचेपर्यंत दिसत नाही. बेसाल्टमधला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, उतारावर दाट झाडी, तळाशी हाताला बुळबुळीत लागणारं खारं पाणी. त्याचा पीएच 10 च्या आसपास असतो. बहुतेक पाहुणे धार हा काठावरचा गोड्या पाण्याचा झरा आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर बघून परततात. नवे सूक्ष्मजीव शोधायला आलेल्यांना कमळजा देवीच्या देवळापर्यंत खाली उतरावं लागतं.

त्याआधी परवानगी. सरोवर अभयारण्यात आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. फिरायला तिकीट पुरतं, पण पाण्याची एक बाटली भरायची तरी वन्यजीव विभागाचं लेखी पत्र हवं. ते महिनाभर आधी मागावं. अर्जात जागा, नमुन्याचं प्रमाण आणि तो कुठे नेणार हे स्पष्ट लिहिलं तर काम लवकर होतं.

इथे नवा जीव सापडणं अवघड नाही. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस हा जीवाणू इथलाच, सेसेम्बिया लोनारेन्सिसही इथलाच. त्यातलं सेसेम्बिया हे नाव हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेवरून आलं. जीव हरवतो तो काठ आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या टप्प्यात. म्हणून पाण्याशी कसं वागायचं तेच सविस्तर लिहितो.

पीएच मीटर 7 आणि 10 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून न्यावा. 4 आणि 7 वर लावलेला मीटर इथे भरवशाचा नाही. शिवाय सोडियम भरपूर असलेल्या अल्कधर्मी पाण्यात साधा काचेचा इलेक्ट्रोड खरा पीएच थोडा कमी दाखवतो. तापमान, क्षारता, अक्षांश-रेखांश आणि वेळ जागेवरच लिहावी. पाणी काठापासून थोडं आत, गुडघाभर खोलीवर घ्यावं. काठालगत गोड्या झऱ्याचं पाणी मिसळतं आणि तिथले जीव वेगळे असतात. तळाचा काळा गाळ उपसला की सडक्या अंड्यांचा वास येतो. त्याची नळी तोंडोतोंड भरून बूच घट्ट लावावं, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन न सोसणारे जीव वाटेतच मरतात. दोन लिटर पाणी जास्तीचं घ्यावं. त्याचं कारण पुढे.

नमुना विरळ करायला ऊर्ध्वपातित पाणी वापरतात तिथेच घात होतो. मीठ पचवणाऱ्या पेशी गोड्या पाण्यात पडताच फुटतात. ते जास्तीचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं आणि विरळ करायला तेच वापरायचं: 9 मिलिलिटरमध्ये 1 मिलिलिटर नमुना, मग त्यातलं 1 पुढच्या नळीत. शंभरपट ते दहा हजारपट विरळ केलेल्या नळ्यांतून प्रत्येकी 100 मायक्रोलिटर अगारच्या (माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) प्लेटवर पसरायचं.

माध्यम, म्हणजे जीव वाढवायचं खाद्य, अल्कधर्मी जीवांचे जपानी अभ्यासक होरिकोशी यांचं. एका लिटरला ग्लुकोज 10 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 5, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट 1, मॅग्नेशियम सल्फेट 0.2, सोडियम कार्बोनेट 10 आणि अगार 20 ग्रॅम. कार्बोनेट मात्र वेगळ्या बाटलीत, 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं) आणि दोन्ही साधारण 60 अंशांवर आल्यावर मिसळायचं. सगळं एकत्र तापवलं तर ग्लुकोज करपून माध्यम तपकिरी होतं, मॅग्नेशियम साका होऊन खाली बसतं आणि अगार नीट गोठतच नाही. ओतलेल्या प्लेट पिशवीत बंद ठेवाव्यात. उघड्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच उतरतो, आणि मग जे उगवतं त्याला अल्कधर्मी माध्यमाची गरज होती असं म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी बॅसिलस या झटपट वाढणाऱ्या जीवाणूंच्या पसरट वसाहती प्लेट भरून टाकतात. खरी मौज दोन-तीन आठवड्यांनी दिसणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांत असते. प्लेट लवकर फेकू नयेत.

2020 च्या उन्हाळ्यात पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे हॅलोआर्किया असल्याचं दाखवलं. हे जीवाणू नव्हेत, आर्किया आहेत, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या गटातले एकपेशीय जीव. त्यांना 20 टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं आणि जीवाणूंसाठीचे 27एफ-1492आर प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग वाचायला लागणारे छोटे तुकडे) त्यांना लागू पडत नाहीत; आर्कियाचे प्रायमर वेगळे ठेवावेत.

यीस्ट पाण्यापेक्षा उतारावर शोधावं. कार्तिकात सीताफळं पिकून पडतात. फुटलेल्या फळात लिंबाच्या आकाराच्या पेशींचं हान्सेनियास्पोरा हमखास मिळतं, म्हणून त्यात फार दिवस घालवू नयेत. सालीकडे वळावं: 1 ग्रॅम साल, 10 मिलिलिटर माल्ट-यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं आम्लधर्मी माध्यम, त्यात सुमारे 7.6 टक्के अल्कोहोल आणि थोडं क्लोरॅम्फेनिकॉल (जीवाणू रोखणारं प्रतिजैविक), दहा दिवस. बुरशी माजली तर प्लेटमध्ये लिटरला 2 ग्रॅम सोडियम प्रोपिओनेट घालावं. पानांसाठी एक सुंदर पद्धत आहे. पानाचा तुकडा व्हॅसलिनने प्लेटच्या झाकणाला आतून चिकटवायचा आणि प्लेट सरळ ठेवायची. बीजाणू उडवणारी यीस्ट खालच्या अगारवर स्वतःच पडतात, आणि काही दिवसांत पानाच्या आकाराची फिकट गुलाबी सावली उमटते.

ओळख पटवताना घाई नको. यीस्टसाठी एनएल1-एनएल4 प्रायमरने डीएनएचा डी1/डी2 भाग वाचायचा, सुमारे 600 अक्षरं. ओळखीच्या प्रजातीपासून 1 टक्क्याहून जास्त फरक असेल तर नव्या प्रजातीची शक्यता. त्यासोबत आयटीएस हा डीएनएचा दुसरा भागही वाचावा. जीवाणूंसाठी 16एस या ओळखीच्या जनुकाचं साम्य 98.7 टक्क्यांखाली हवं. त्याच्या वर असेल तर पूर्ण जनुकसंच काढून सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य 95-96 टक्क्यांखाली आहे का ते पाहायचं. तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीचा अधिकृत नमुना ठरलेल्या वाणाशीच) करायची. 97 टक्के बघून हुरळण्याआधी क्रोमॅटोग्राम (डीएनए वाचनाचा मूळ आलेख) उघडावा. दोन्ही टोकांचा गढूळ भाग कापला की कितीतरी ‘नव्या’ प्रजाती जुन्या निघतात. प्रथिनांवरून जीव ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्राने ओळखलं नाही म्हणून जीव नवा ठरत नाही, त्या यंत्राचा संग्रह मुख्यतः रुग्णालयांतल्या जंतूंचा असतो.

जीवाणूचं नाव वैध ठरायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या सूक्ष्मजीव संग्रहांत ठेवावा लागतो, आणि परदेशी पाठवायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते. ती शोधनिबंध लिहायच्या आधीच सुरू करावी. कुपीबरोबर माध्यमाची कृती, पीएच आणि मिठाचं प्रमाण लिहून द्यावं, नाहीतर साध्या न्यूट्रिएंट अगारवर ती उगवत नाही आणि कल्चर मेलेलं म्हणून परत येतं. संग्रहाने गोठवून वाळवलेली कुपी तपासायला पाठवली की ती पुन्हा वाढवून 16एस परत वाचावं आणि मगच होकार कळवावा.