सुगरणीची वही: विणतो नर, नापास करते मादी

आधी दुरुस्ती. मागच्या नोंदीत ‘बाभळीवर ४ खोपे’ लिहिलं होतं, ते चूक. नागपूरजवळच्या फेटरीच्या पुढच्या त्या संत्र्याच्या बगीच्यात मी विहिरीच्या पश्चिमेला, सावली बघून बसत होतो. २० जुलैला वळसा घालून पलीकडे गेलो तर १४! पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून सुगरणी बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या, आडोशाच्या अंगाला खोपे टांगतात. हे वाचून माहीत होतं, तरी बसलो उलट्या बाजूला.

क्रमांक ३ चा खोपा त्याच दिवशी सुरू झालेला, नुसतं एक कडं. डोकं पिवळंधम्मक, तोंडावर काळपट बुरखा, असा त्याचा नर. आपण म्हणतो ‘सुगरण खोपा बांधते’, पण ही सुगरण बाप्या आहे. नाल्याकाठच्या शिंदीवर बसून तो पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरतो आणि सरळ उडतो. उडता उडताच पातं चिरत जातं आणि त्याच्याहून लांब धागा मागे लोंबत येतो. २७ जुलैला सकाळी एका तासात ३१ फेऱ्या मोजल्या. एका खोप्याला ५०० पर्यंत फेऱ्या लागतात. शेजारी बाहेर गेला की त्याच्या खोप्यातलाच धागा ओढायचा, हा शॉर्टकटही दोनदा दिसला.

“काऊन भाऊ, पाखरं मोजून पगार भेटते काय?” बगीच्याच्या काकाजींचा रोजचा प्रश्न.

खरी गंमत अर्ध्या खोप्याची. साधारण आठ दिवसांत उलट्या टोपलीसारखा आकार होतो, मध्ये आडवी पट्टी. इथे नर काम थांबवतो आणि पंख फडफडवत कलकलाट करतो. मादी येते, पट्टीवर बसते, दोन-चार धागे ओढून बघते. क्रमांक ५ ला तीन माद्या आल्या, तिघीही उडून गेल्या. मला तर विणकाम त्याचंच सुबक वाटलं होतं. पण मादी विणीपेक्षा जागा जास्त बघते. आपल्याकडे प्लॉट घेताना बघतात तसंच.

क्रमांक ३ ला १ ऑगस्टला होकार मिळाला. मगच त्याने अंड्यांची खोली बंद केली आणि खाली येणारी नळी विणली. आणि ती पुरी होते न होते तोच हा पठ्ठ्या दोन फांद्या सोडून नवं कडं बांधायला लागला, दुसऱ्या मादीसाठी! पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला हेच नोंदवलं होतं: एक झाली की दुसरी. वाचलेलं असूनही समोर घडताना बघून मी थर्मासचं झाकण विहिरीत पाडलं.

काजव्यांचं काय? “रातच्याला उजेड पाहिजे म्हणून काजवा चिकटवते ना ते,” काकाजी ठामपणे म्हणाले. ५ ऑगस्टच्या वादळात एक अर्धा खोपा पडला, तो त्यांच्यासमोरच उकलला. आतून मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले, काजवा एकही नाही. अर्धा खोपा वाऱ्यात फार हलू नये म्हणून ही माती, असा एक अंदाज आहे. काकाजींना तो पटला नाही. “काजवा उडून गेला असन,” म्हणाले.

फोटो यावेळी फक्त दोनच बरे आले. लेन्सवर वाफ धरत होती. सोडलेल्या एका खोप्यात मुनिया ये-जा करतात, त्यावर वेगळी नोंद टाकतो.

क्रमांक ३ ची मादी ११ ऑगस्टपासून बराच वेळ आत असते. अंडी २ ते ४, उबवते ती एकटीच, १४ ते १७ दिवस. म्हणजे २५ ते २८ ऑगस्टच्या आत ती चोचीत किडे आणताना दिसायला हवी. ते चार दिवस रजा टाकली आहे. बसणार पूर्वेलाच.