संत्र्याचे भाव आणि देवनागरी आकडे

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या संकेतस्थळे बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओकडे सध्या जी कामे आहेत, त्यांपैकी मला सर्वाधिक गोडी लागली आहे ती कळमना बाजारातील एका संत्रा अडत्याच्या संकेतस्थळाची. मृग आणि आंबिया या संत्र्याच्या दोन्ही बहरांचे, म्हणजे हंगामांचे, भाव ते स्वतः मोबाइलवरून भरतात, तेही देवनागरी आकड्यांत. परंतु जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्या प्रोग्रॅमिंग भाषेला ‘४५’ हे संख्या म्हणून वाचता येत नाही, त्यामुळे भाव साठवण्यापूर्वी प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकातून) २४०६, म्हणजे ‘०’ चा क्रमांक, वजा करणारे एक लहानसे फंक्शन आम्ही लिहिले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून मराठी पाने जड होतात, असे अनेकांना वाटते. माझ्या मते खरा भार फॉन्टचा असतो. भावांच्या साठवणीसाठी एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस पुरेसा आहे, आणि महागड्या क्लाउडचा आग्रह धरणाऱ्यांशी वाद घालण्याची मला हौस नाही. आमच्याकडची मंगल कार्यालय आणि शिकवणी वर्ग यांची कामे ठरावीक वर्डप्रेसची, म्हणजे तयार साच्यावर संकेतस्थळ उभारण्याची, आहेत. अडत्याच्या बाजार यार्डात नेटवर्क गेले तरी शेवटचा भाव त्याच्या वेळेसह दिसावा, यासाठी सर्व्हिस वर्करची (नेटवर्कशिवायही पान दाखवू शकणाऱ्या, ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीला चालणाऱ्या स्क्रिप्टची) जुळणी मात्र अजून चालू आहे.