साडेसहाच्या कॉलवर नसलेला मुलगा

मी पुण्यात जर्मन शिकले. आधी भाषांतरं केली, पुढे जर्मन आणि भारतीय टीमना एकत्र काम करायला शिकवू लागले. मला बोलावणाऱ्या कंपन्यांची अपेक्षा बहुतेकदा ठरलेली असते: हस्तांदोलन, वक्तशीरपणा, जेवताना कोणते विषय टाळायचे. ते अर्ध्या तासात सांगून होतं. गाडी अडते ती वाईट बातमी कुणी, कधी आणि कुणासमोर सांगायची यावर. चाकणच्या एका कारखान्यात हे मला जितकं लख्ख दिसलं, तितकं एरवी कुठेच दिसलं नाही.

कारखाना ॲल्युमिनियमच्या पार्टचं मशिनिंग करून स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीला माल पाठवायचा. एका लॉटमध्ये बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा, व्यास मर्यादेबाहेर गेला आणि ते कळलं थेट तिकडच्या असेंब्ली लाइनवर. मग एट-डी रिपोर्टांची, म्हणजे दोष का आला आणि त्यावर काय केलं हे आठ पायऱ्यांत मांडणाऱ्या अहवालांची, ये-जा सुरू झाली. त्यात चौथ्या पायरीला मूळ कारण लिहायचं असतं. इथून दर वेळी जायचं, ‘ऑपरेटरची चूक, पुन्हा ट्रेनिंग दिलं.’ तिकडून दर वेळी परत यायचं. शेवटी जर्मन टीमच चाकणला आली आणि दोघांना एकत्र बसवायला मला बोलावलं.

सकाळी मी डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांचे आकडे दाखवले. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून त्यांनी देशादेशांची तुलना केली होती. सत्तेतलं अंतर लोक किती सहज स्वीकारतात, या मोजपट्टीवर भारत ७७ आणि जर्मनी ३५. देशाची सरासरी म्हणून हे उपयोगी आहे, पण त्यावरून समोरचा माणूस ओळखता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तक्ता बंद केला आणि सगळ्यांना सीएमएम रूममध्ये, म्हणजे पार्टची अचूक मापं घेणारं मशीन असलेल्या खोलीत, नेलं.

तिथे मोजमाप करणारा पंचविशीतला इंजिनीअर होता. जर्मन क्वालिटी हेड बाईंनी त्याला थेट विचारलं, "हे तुम्हाला कधी लक्षात आलं?" त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले, "सांग ना रे, बिनधास्त सांग." मग त्याने नाइट शिफ्टचा आलेख उघडला. इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं टोक, झिजत जाईल तसा व्यास सरकत गेलेला त्यात स्पष्ट दिसत होता. माल निघायच्या आधीच त्याने हे सुपरवायझरच्या कानावर घातलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सर, तुम्ही कॉलवर सगळं कंट्रोलमध्ये आहे म्हणालात. त्यानंतर मी कसं बोलणार? आणि मी कॉलवर नसतोच. कॉल साडेसहाला, आमची बस साडेपाचला."

हे जर्मन मंडळींना ठाऊकच नव्हतं. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ज्याच्या हाताखालून प्रत्येक पार्ट जायचा, तोच चर्चेत नसायचा. कॉलवर कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं ते धरून चालले होते.

मग मॅनेजरांनी आपलं दुखणं सांगितलं. "मॅडम, यांच्या मेलमध्ये चौदा चुका आणि सीसीमध्ये आमचे डायरेक्टर. एक चांगला शब्द नाही. अशाने कोण तोंड उघडेल?" मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. बाई चकित झाल्या. त्यांच्या मते यादी पार्टची होती, माणसांची नव्हे, आणि सगळ्यांना कळावं म्हणून सगळ्यांना पाठवली होती. त्यांच्या स्वाबियन भागात तर म्हणच आहे, ‘रागावलं नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं.’ यावर मॅनेजर पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले.

दुपारी आम्ही तीन गोष्टी लिहून काढल्या. कॉल जर्मनीत सकाळी आठला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकराला. मोजमाप करणारा आधी बोलेल, मॅनेजर शेवटी. दोषाचा मेल पहिल्यांदा फक्त संबंधित दोघांना, चोवीस तासांत उत्तर नाही आलं तरच वर. तिसऱ्या कलमावर बाईंनी बरीच घासाघीस केली. बातमी त्याच दिवशी मिळाली पाहिजे, ही अट घालूनच त्यांनी मान्य केलं, आणि मला ती अट रास्त वाटली.

सुपरवायझर मात्र त्या खोलीत नव्हताच. बातमी त्याच्यापाशी येऊन थांबली होती आणि त्याची बाजू कुणी ऐकली नव्हती. सगळ्या शिफ्टच्या सुपरवायझरांसाठी वेगळा दिवस द्या, तोही मराठीतून, असं मी व्यवस्थापनाला लेखी कळवलं आहे. तारीख अजून मिळालेली नाही, मी पाठपुरावा करते आहे.