टॉवर बंद पडला आणि नकाशावर गाव रिकामं झालं

कॉलऱ्याची साथ चालू होती आणि आमच्या टीमचं काम एवढंच की लोक कुठून कुठे जातायत ते मोबाईलच्या डेटावरून काढायचं आणि साथ पुढे कुठे पोचेल याचा अंदाज आरोग्यवाल्यांना रोज सकाळी द्यायचा. डेटा म्हणजे सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलच्या नोंदी), पोलीस तपासात वापरतात तेच, फक्त आमच्याकडे येताना कंपनी नंबर काढून त्याजागी सांकेतिक आकडा टाकते. फोन केला किंवा मेसेज आला की कुठल्या टॉवरच्या कुठल्या अँटेनावर, किती वाजता, बस इतकीच नोंद. असे लाखो सिम एकत्र घेतले की काल रात्री इथे असलेले किती फोन आज तिथे आहेत याचा तक्ता तयार होतो, तो कॉम्प्युटरच्या मॉडेलला दिला की कुठल्या भागातून कुठे लागण जाऊ शकते ते दिसायला लागतं.

त्या दिवशी सकाळी नकाशा उघडला तर जिथे सगळ्यात जास्त पेशंट होते तिथलेच फोन गायब, आणि शेजारच्या दोन-तीन टॉवरवर आकडे फुगलेले. मॉडेलने सरळ अर्थ लावला की लोक घाबरून निघून गेले. असं होतंही, 2010 मध्ये हैतीत भूकंपानंतर 19 लाख सिमच्या नोंदींवरून संशोधकांनी काढलं होतं की राजधानीतून अंदाजे 6 लाख 30 हजार माणसं बाहेर पडलीयत, आणि त्याच वर्षी तिथे कॉलरा आला तेव्हा पण हीच पद्धत कामी आली. त्यामुळे मीटिंगमध्ये कोणाला शंका आली नाही. वर त्या भागातून नव्या पेशंटचे रिपोर्टही कमी आलेले, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळत होत्या. सलाईन, ओआरएस आणि माणसं शेजारच्या भागात हलवायची असं जवळजवळ ठरलंच. एकाने तर निघून गेलेल्यांची नावं मिळतील का असंही विचारलं, त्याला मी तिथेच नाही म्हणलं, नंबर काढून टाकला तरी माणूस लपत नाही, 15 लाख लोकांच्या डेटावरच्या 2013 च्या अभ्यासात माणूस कधी कुठे होता अशा चार जागा-वेळा माहीत असल्या की 95 टक्के लोक वेगळे ओळखता येतात असं निघालंय, म्हणून आम्ही एकेका माणसात शिरतच नाही, फक्त एकूण आकडे बघतो.

पण मला ते रिकामं गाव काही पटेना. रात्रीचा डेटा मिनिटामिनिटाचा काढला तर सगळ्या फोनच्या नोंदी अडीचच्या सुमाराला एकदम बंद! घर सोडून जाणारी माणसं अशी जातात का, कोणी पहाटे निघतं, कोणी दुपारी, वाटेतल्या टॉवरवर एकेक नोंद सोडत जातात, काही लांब कुठेतरी पुन्हा दिसतात. इथे वाटच नव्हती. आणि शेजारच्या टॉवरवर जे फोन वाढले होते ते सगळे एकाच बाजूच्या अँटेनावर, म्हणजे जी अँटेना त्या गावाकडे तोंड करून आहे तिच्यावर. माणसं आपापल्या घरातच होती, फोन फक्त दूरचा सिग्नल पकडत होते आणि ज्यांना तोही मिळत नव्हता ते नकाशावरून पुसले गेले होते.

फिल्डवरच्या सुपरवायझर ताईंना फोन लावत बसले, लागेचना, शेवटी त्यांचाच आला. म्हणलं, ताई, गावातले लोक निघून गेलेत का? त्या म्हणाल्या, "कुठे जातायत, सेंटरसमोर रांग लागलीय! लाईट संध्याकाळपासून नाही, टॉवरची बॅटरी पण रात्री उतरली असणार, रेंज मिळावी म्हणून मी टेकाडावर आलेय. ॲम्ब्युलन्सला फोन लागत नाही लोकांचा, ते बघा आधी."

ते ऐकून अंगावर काटा आला. रिपोर्ट कमी झाले होते ते पेशंट कमी झाले म्हणून नाही तर कळवायलाच फोन नव्हता म्हणून. कॉलऱ्यात नीट उपचार नाही मिळाले तर माणूस काही तासांत जाऊ शकतो, आणि आम्ही तिथूनच सलाईन उचलायला निघालो होतो.

मी धावत जाऊन मीटिंगवाल्यांना अँटेनाचा तक्ता दाखवला आणि ताईंना स्पीकरवर घेतलं. गाडी वळवायचं रद्द झालं, उलट ॲम्ब्युलन्स तिथेच उभी ठेवायचं ठरलं आणि कंपनीने टॉवरला जनरेटर पाठवला. टॉवर चालू झाला तसे फोन जिथल्या तिथे परत दिसायला लागले.

मोबाईल डेटाने मोठी कामं झालीयत, केनियात जवळपास दीड कोटी फोनवरून मलेरिया कुठून कुठे वाहून नेला जातो ते काढलंय, त्यामुळे या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण लहान पोरांकडे फोन नसतो, एका घरात एकच फोन फिरतो, कोणाकडे दोन सिम असतात, हे सगळं मॉडेलला कोणीतरी सांगावं लागतं. आता रोजच्या फाईलबरोबर कुठला टॉवर किती वेळ बंद होता त्याची यादी आम्ही मागून घेतो, आणि एखादा भाग अचानक गप्प झाला की नकाशावर तो रिकामा न दाखवता लाल दाखवतो आणि आधी तिथल्या ताईंना निरोप पोचवतो, फोन लागत नसेल तर माणूस पाठवून.