अडलेलं पान

शाळेचं पत्र आलं त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. घाईत ते पिशवीत टाकलं आणि पहाटे चारला, इंजेक्शनं देऊन झाल्यावर, वॉर्डातल्या टेबलाशी बसून उघडलं. ‘अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपले मनोगत पाठवावे.’ एवढं वाचलं आणि बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मनोगत शाळेविषयी लिहायचं असतं, हे मला कळतं. प्रार्थना, पटांगण, लिंबाचं झाड, स्नेहसंमेलन यांवर इतर जण लिहितीलच. मला मात्र शाळा आठवायला बसलं की बाईच आठवतात.

आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कुणी ‘कोणत्या’ असं विचारत नाही. नव्या मुलांसाठी सांगते. मराठीच्या बाई, जिन्याखालच्या खोलीतलं वाचनालय सांभाळणाऱ्या. खोलीत दोन लोखंडी कपाटं होती. त्यांच्या किल्ल्या बाईंच्या पदराला असायच्या. एका कपाटात कथा-कादंबऱ्या आणि दुसऱ्यात फक्त चरित्रं आणि आत्मचरित्रं. हे दुसरं कपाट बाईंच्या जिवाचं.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास बाईंचा. आठवड्यात वाचलेल्या पुस्तकावर उभं राहून बोलायचं, पण गोष्ट सांगायची नाही. जन्म, मृत्यू, पदकं, सत्कार यातलं काहीच नको. बाई एकच विचारायच्या, “माणूस अडला कुठं? ते पान सांग.” मग आम्ही ते पान काढून वाचायचं आणि तिथं तो का अडला, हे आपल्या शब्दांत सांगायचं. या तासाला आम्ही ‘अडलेल्या पानाचा तास’ म्हणायचो. पुढं वेळापत्रकातही कुणीतरी पेन्सिलनं तसंच लिहिलं होतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, दारात मराठी, पलीकडच्या गल्लीत कानडी. नाना यंत्रमागावर होते, अम्मा बिड्या वळायची. दिवसाला हजार. बिडीचा पत्ता, म्हणजे तेंदूचं पान, रात्री भिजवायचा, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचा, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते संध्याकाळी कारखान्यात माल द्यायची वेळ होईपर्यंत. आमच्या वह्या, दप्तर, केस, सगळ्यालाच तंबाखूचा वास. वर्गात एक-दोघी माझ्या बाकावर बसायला का कू करायच्या. त्यांच्यावर आज राग नाही, पण तेव्हा लागायचं.

१९८६ साली मी आठवीत होते. बाईंनी मला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं. पुस्तक येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती आणि शाळेत त्याची एकुलती एक प्रत होती. खाकी कव्हर बाईंनी स्वतः घातलेलं. घरी वाचायला वेगळी जागा नव्हतीच. अम्माच्या सुपाशेजारी बसून मी मराठीत वाचायचे आणि परिच्छेद संपला की तिला तेलुगूत सांगायचे. तिचे हात चालूच असायचे. पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, नखानं टोक दुमडलं. मान वर न करता हुंकार द्यायची.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात गुलामीत जन्मलेलं ते काळं पोर. गुलाम पळवणाऱ्या टोळीनं आई आणि तान्हं बाळ दोघांना उचलून नेलं. मालकानं शोधायला माणूस पाठवला. त्याला बाळ तेवढं सापडलं आणि एका घोड्याच्या बदल्यात ते परत मिळालं. मी भराभर सांगत पुढं निघाले होते. अम्माचे हात थांबले.

“मरि वाळ्ळम्म?”

म्हणजे, मग त्याची आई? मी पान उलटून पाहिलं. आई सापडली नाही, एवढंच. पुढं जॉर्ज शिकतो, रोपं जगवतो, चित्रं काढतो. अम्मानं पुन्हा विचारलं, “आईचं काय झालं ते नाही लिहिलं?” नाही, म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं, पाणी प्याली आणि बराच वेळ काही वळलंच नाही. कामाच्या वेळात अम्माचे हात रिकामे मी त्याआधी पाहिले नव्हते.

नंतरचा भाग मात्र तिला फार आवडला. कार्व्हर १८९६ साली टस्कीगीच्या शाळेत गेले आणि १९४३ मध्ये वारले तोपर्यंत तिथंच राहिले. वर्षानुवर्षं कापूसच घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन थकली होती. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितलं, कारण भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र परत देतात. पीक आलं तर त्याचं करायचं काय, म्हणून १९१६ साली शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. कापूस आणि शेंगा! सोलापूरच्या घरात ही दोन नावं परकी कशी वाटतील? अम्मानं विचारलं, “त्यात आपली चटणी आहे का?” आणि उठून उखळातली ताजी शेंगाचटणी भाकरीवर घालून माझ्या हातात दिली. तेव्हाच तेलाचा एक थेंब पानावर पडला आणि बघता बघता रुपयाएवढा पसरला. मी राख लावली, कागद दाबला. डाग गेला नाही.

शनिवारी पोटात गोळा. माझ्या आधी माझी मैत्रीण उभी राहिली. तिच्याकडे महर्षी कर्व्यांचं आत्मचरित्र होतं. १८७५ साली सतरा वर्षांचे कर्वे मुरूडहून भर पावसात घाट चढून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि तू फार लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, हे तिचं अडलेलं पान. बाई खूष झाल्या. वर्गाला वाटलं, आता ही कार्व्हरचं तसंच सांगणार. त्यांनाही एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि ते दारात पोचल्यावर काळा रंग बघून नाकारला होता. दोन्ही पानं शेजारी ठेवावीत अशी. बाईंच्या मनातही बहुधा तेच असावं.

मी आईचं पान वाचलं.

वर्गात कुजबुज झाली. एक मुलगा म्हणाला, “बाई, हे कार्व्हरचं अडणं नाही, तो तर तेव्हा तान्हा होता.” मी रडवेली होऊन म्हणाले, “बाई, इथं माझी आई अडली.” बाईंनी पुस्तक मागितलं. डागाचं पान आपसूकच उघडलं. मागच्या बाकावरून कुणीतरी “तंबाखूचा वास येतोय” असं म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, बाईंनाही आलं असणार. त्यांनी पुस्तक मिटून स्वतःच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, “उद्या दुपारी घरी आहे का गं तुझी आई?”

मला वाटलं, डागाची तक्रार.

रविवारी उन्हाच्या बाई आमच्या गल्लीत आल्या, छत्री घेऊन. अम्माची तारांबळ उडाली. बाई सरळ चटईवर बसल्या. “काम थांबवू नका हो, मी तुमच्याकडून ऐकायला आलेय,” म्हणाल्या आणि पिशवीतून शंभर पानी वही काढली. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. डागाचा विषय त्यांनी काढलाच नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

अम्मानं त्या दुपारी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला, पोटच्या पोरीला, माहीत नव्हतं. तेलंगणातलं तिचं गाव, लग्न होऊन रेल्वेनं सोलापूरला येणं, पहिली बिडी सुटली तेव्हा सासूनं न रागावता परत वळायला लावणं. दुसरीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिला शाळेतून काढलं होतं. पुढं तो शाळेत जायला लागला तेव्हा तिचीच पाटी त्याला दिली. तो गिरवायचा तेव्हा ही उलट्या बाजूला बसून बघायची, त्यामुळे काही अक्षरं तिला उलटीच ठाऊक होती. हे सांगताना ती हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली मान घालून सगळं लिहून घेतलं आणि त्या ओळींखाली रेघ ओढली.

शेवटी बाईंनी वही पुढं केली. अम्मानं पदराला हात पुसले आणि तेलुगूत आपलं नाव लिहिलं. गोल गोल, मोठ्या अक्षरांत, सुलट. कागदाच्या कडेला तंबाखूच्या बोटाचा तपकिरी ठसा उमटला.

त्या वर्षीच्या आपल्या हस्तलिखितात ती चार पानं आली, कर्वे आणि कार्व्हर यांच्या मधोमध. मजकूर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात आणि शेवटी मूळ सहीचा कागद डकवलेला. नंतर बाईंनी वर्गाला शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ची ओळख करून दिली. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, सांगोला तालुक्यातल्या महूदच्या, आणि पुढं शिक्षिका झालेल्या. मोठ्या माणसांचीच चरित्रं असतात, ही समजूत आमच्या वर्गाची तरी त्या वर्षी गेली.

दहावीत असताना बाई आम्हांला चालत भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या घरी घेऊन गेल्या. आज तिथं छान स्मारक आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली सोलापुरात जन्मलेले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं असतानाच वडील गेल्याची बातमी कळली आणि ते परत फिरले नाहीत. हे अडलेलं पान आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, एका सुरात सांगितलं. बाई म्हणाल्या, “आणि चिंगलानचं पान?” आम्ही गप्प. मग त्यांनी तिथंच उभं राहून सांगितलं. गुओ चिंगलान परिचारिका होत्या, शिकाऊ मुलींना शिकवायच्या. डॉक्टरांशी लग्न झालं १९४१ साली. मुलाचं नाव इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले, वय अवघं बत्तीस, आणि बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं. पुढं १९६७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण घेत असताना, इनहुआही गेला. त्यानंतरची पंचेचाळीस वर्षं चिंगलान जगल्या, हे मला फार उशिरा कळलं. बाईंनी तेव्हा फक्त एवढंच म्हटलं होतं, “चरित्रात शेजारी कोण बसलं होतं, ते शोधत जा.”

मी नर्सिंगला गेले ती त्या दिवसामुळे. गेली एकोणतीस वर्षं मी या कामात आहे, सध्या परिसेविका. २०२० साली कोविड वॉर्डात सलग ड्युट्या केल्या, त्याबद्दल सत्कारही झाला. ते प्रमाणपत्र घरी कपाटावर आहे. मला समाधान वेगळ्याच गोष्टीचं आहे. नवा पेशंट आला की मी शेजारी कोण बसलंय त्याचं नाव आधी विचारते. माझ्या हाताखालच्या मुलीही आता विचारतात.

अम्माला २००६ साली कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात घर मिळालं. बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं. ज्यांच्या नावानं ही वसाहत आहे त्या गोदूताईंनी वारली आदिवासींमध्ये राहून काम केलं आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसाहतीतल्या किती जणींना हे माहीत असेल? सुट्टीच्या रविवारी मी अम्माच्या ओट्यावर सात-आठ मुली गोळा करते आणि गोदूताईंची पानं वाचते. अम्मा आता बिड्या वळत नाही, पण मांडीवर सूप नसलं की तिला करमत नाही, म्हणून तांदूळ निवडत ऐकते.

आपल्या शाळेत शनिवारचा तो तास आता नाही, असं ऐकते. तासाला सराव चाचण्या असतात. वाचनालयाची खोली अडगळीसाठी वापरतात, असंही कुणी सांगितलं. फार वाईट वाटलं. नव्या इमारतीला देणग्या जमताहेत, मीही दिली. पण एका तासाला देणगी लागत नाही हो, एक बाई लागतात.

बाईंना यातलं काहीच सांगायचं झालं नाही. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे गेल्या. मी भेटायला जायचं ठरवत राहिले, ड्युट्या आड येत राहिल्या आणि एक दिवस त्या गेल्याचं कळलं.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानं शाळेकडे एकच मागणं आहे. १९८६-८७ चं हस्तलिखित जिन्याखालच्या त्या दुसऱ्या कपाटात असेल तर शोधा. वर निळा घोटीव कागद आहे, कोपरे शिवलेले आहेत. मधली पानं उघडलीत तर तेलुगू सही दिसेल. सापडलं तर कळवा. मी रजा टाकून अम्माला घेऊन येईन. तिला आता जिना चढवत नाही, पण ती खोली जिन्याखालीच आहे.