हिरवा ठिपका आणि रजेचे कारण

मागच्या नोकरीत पाच मिनिटे माऊस हलला नाही की संगणकावर माझ्या नावापुढचा, मी जागेवर आहे असे दाखवणारा हिरवा ठिपका पिवळा होत असे. एकदा एका ग्राहकाच्या हिशेबातला घोळ निस्तरताना मी पाऊण तास फोनवर होते. समोरच्या वहीची दोन पाने आकडेमोडीने भरून गेली होती. फोन ठेवला, तर साहेबांचे तीन संदेश येऊन पडलेले, तिन्हींत एकच प्रश्न: ‘जागेवर आहात का?’ त्या दिवशीच्या अहवालात माझी ती ४५ मिनिटे ‘निष्क्रिय’ म्हणून लागली, आणि तुटू पाहणारा ग्राहक टिकला ही गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात बसली नाही.

पुढे एका सहकाऱ्याने माऊस आपोआप हलवत ठेवणारे छोटेसे यंत्र आणले आणि त्याचा ठिपका दिवसभर हिरवागार राहू लागला. मला त्याचा राग आला नाही, उलट थोडा हेवाच वाटला. साहेबांना काम ओळखता येत नव्हते, म्हणून ते हालचाल मोजत होते. त्यांना जे हवे होते ते त्याने पुरवले, इतकेच.

रजेच्या बाबतीत ही नजर थेट घरात शिरे. हक्काच्या रजेसाठी कारण द्यावे असा नियम कुठेही नव्हता, पण ‘कारण’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे आणि ‘वैयक्तिक’ लिहिले की ‘सविस्तर लिहा’ असा शेरा मारून तो परत येई. आजारपणानंतर कामावर रुजू झाले की काय झाले होते, कुठला डॉक्टर, घरी कोण कोण असते, अशी चौकशी होई आणि ती काळजीपोटीच आहे असे आम्ही समजत असू.

याच प्रकारासाठी २०२० मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या माहिती संरक्षण आयुक्तांनी एच अँड एम या कपडे विकणाऱ्या कंपनीला सुमारे ३.५३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. न्यूरेंबर्ग येथील सेवा केंद्रात सुट्टीहून किंवा आजारपणातून परतलेल्यांशी वरिष्ठ बोलत आणि सुट्टीतले अनुभव, आजाराची लक्षणे, निदान हे सारे नोंदवून ठेवत. २०१९ मध्ये तांत्रिक चुकीमुळे त्या नोंदी काही तास कंपनीभर खुल्या राहिल्या, तेव्हा हे उघडकीस आले. ते वाचल्यापासून मी साहेबांच्या आपुलकीला मोजकीच उत्तरे देऊ लागले.

वर्षाअखेरीस माझ्या अकरा रजा वाया गेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी मी राजीनाम्याचा अर्ज भरला. त्यातही ‘कारण’ हा रकाना होता. मी ‘वैयक्तिक’ एवढेच लिहिले. तो अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.